गळकं गंगाळ

चैत्र लागला की आमच्या घरातला फोन माझा राहत नाही, तो गंगाळाचा होतो. कोणी खुशाली विचारायला म्हणून फोन करतं, उन्हाचं बोलतं, कुलरच्या ताट्या बदलल्या का म्हणून चौकशी करतं, आणि मग आत्ताच आठवल्यासारखं म्हणतं, "वहिनी, त्या तारखेले गंगाय खाली हाये का?"

गंगाळ म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं मोठं पसरट भांडं. आमच्या वऱ्हाडी बोलीत गंगाय. मी लग्न होऊन इंझोरीला आले तेव्हा ते न्हाणीजवळ पालथं पडलं होतं आणि त्याच्यावर कोंबडी बसलेली होती. जाड तांब्याचं, ठोकून घडवलेलं. हातोडीच्या घावांचे खवले अजून अंगावर दिसतात. दोन बाजूंना पितळेच्या कड्या. बूड गोल, त्यामुळे खाली लोखंडी तिवई लागते. काठावर काही अक्षरं कोरलेली आहेत, पण ती इतकी झिजलीत की माझे सासरे त्यात आपल्या आज्याचं नाव वाचत आणि शेजारचे म्हातारे त्यांच्या आज्याचं. किती जुनं आहे ते कोणालाच ठाऊक नाही. न ठाऊक असलेल्या गोष्टीचा मान आमच्याकडे जरा जास्तच असतो.

गावात पोरीच्या हळदीचं पाणी याच गंगाळातलं लागतं. चार कोपऱ्यांत चार तांबे, त्यांच्याभोवती पांढरं सूत, मध्ये पाटावर नवरी, आणि बाजूला तिवईवर हळदीच्या कोमट पाण्याने भरलेलं आमचं गंगाळ. पाच सवाष्णी त्यात तांब्या बुडवतात आणि नवरीच्या अंगावर पाणी घालतात. गंगाळ देताना आम्ही कोणाची जातपात विचारत नाही, भाडंही घेत नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या रीतीने आत्याबाई, म्हणतात की तो घराण्याचा मान आहे. तो मान घासतं कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. तांबं दोन दिवसांत काळवंडतं. चिंच, मीठ, राख, आणि वर उन्हाचा तडाखा. नखांच्या कडेला चिंचेचं आंबट शिरलं की हात पाण्यात घालवत नाही. दुसऱ्याच्या घरी हळद लागते आणि माझे हात सोलतात.

माझी पुण्याची नणंद आली की वेगळाच त्रास. तिच्या घरी पितळी पिंपात छत्र्या उभ्या असतात, पूजेची ताम्हनं भिंतीवर ठोकलेली असतात, आणि समईत मेणबत्त्या. ती गंगाळाभोवती फिरते आणि म्हणते, "वहिनी, याच्यात पाणी भरून कमळं सोडली तर काय दिसेल." तिला ते दिसतं. मला तळाला धरलेलं शेवाळ दिसतं. भांडं पुजणारे आणि भांडं सजवणारे यांचं एका बाबतीत छान जमतं: भांडं घासायच्या वेळी दोघंही घरात नसतात.

हे सगळं मी इतक्या वर्षांत अंगवळणी पाडून घेतलं आहे. पण ऊन असं तापलं, मांडवाचे बांबू भरलेला ट्रॅक्टर दारावरून खडखडत गेला, की मला तो एक हंगाम आठवतो आणि तेव्हाचा वैताग जसाच्या तसा वर येतो.

त्या वर्षी पंचफुला माझ्याकडे फार लवकर आली होती. पंचफुला आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. दिवाळी झाली की कुटुंबासकट ऊसतोडीला जाते आणि चैत्रात परत येते. अजून घराचं कुलूप नीट उघडलं नव्हतं, गाठोडी ओट्यावरच होती, आणि ही माझ्या दारात.

"वहिनी, दुर्गीचं लगन हाये. गंगाय मलेच देजा त्या दिशी. दुसऱ्या कोनाले देऊ नका."

"देते ना. एवढं काय त्यात."

ती गेली नाही. उंबऱ्याशी बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. "सविताच्या टायमाले नाई जमलं," ती म्हणाली. "तिचं लगन तिकडंच लावलं, कारखान्यावर. हयदीचं पानी पेंटच्या डब्यात कालवलं होतं मी. पेंटच्या."

सविता तिची थोरली, दुर्गा धाकटी. वर्षाच्या आतच नवऱ्याने टाकली, परत आईबरोबर ऊस तोडू लागली. आता यात पेंटच्या डब्याचा काय दोष? नवरा दारू पिऊन मारायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी तसं बोलून दाखवलं. पंचफुलाने मान हलवली, माझं पटलं अशीच हलवली, आणि म्हणाली, "तरी बी वहिनी, गंगाय पायजे."

मी शब्द दिला. मला त्या श्रद्धेचा राग येत होता, पण तिच्या चेहऱ्यापुढे वाद घालवेना.

आणि मग कारंजाहून गजूभाऊचा फोन आला. गजूभाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. धान्याची अडत, मोठा गोतावळा, आणि मुलीचं लग्न लॉनवर. त्यालाही गंगाळ हवं होतं. तारीख दुर्गाच्या हळदीच्या आदल्या दिवसाची. मी नाही म्हटलं. त्याने मग आत्याबाईंना फोन लावला. आत्याबाईंना आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही; तेवढं एक काम त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

"घरचंच लेकरू हाये," त्या म्हणाल्या. "तो सकायी नेईन, सांजच्याले आनून देईन."

"आणि नाही आणलं तर? पंचफुलाला काय सांगू?"

"आनते तो. काहून नाई आननार?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. विलासराव पेपर वाचत होते. "होऊन जाईन," ते म्हणाले, म्हणजे होऊन जाईल. आमच्या संसारातली निम्मी संकटं या दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

गजूभाऊची गाडी आली, गंगाळ गेलं. दुसऱ्या दिवशी पंचफुलाकडचं असल्याने आम्ही लग्नाला न जाता घरीच राहिलो. दुपार टळली तरी फोन नाही. मी लावला तर उचलेना. मग आमच्या नात्यातल्या कोणीतरी मोबाइलवर लग्नाचे फोटो पाठवले. नवरदेवाची घोडी, नवरीची मेंदी, जेवणाची रांग. आणि एका फोटोत लॉनचं प्रवेशद्वार, फुलांची कमान, आणि कमानीखाली आमचं गंगाळ. त्याच्या मधोमध कारंजं उडत होतं. पाण्याखालून निळे दिवे. चारी बाजूंनी प्लॅस्टिकची बदकं.

मी तो फोटो मोठा करून बघितला. मग विलासरावांच्या नाकाजवळ धरला.

"छान दिसते," ते म्हणाले.

"पाणी खालून येतंय," मी म्हटलं. "खालून पाणी यायला काय लागतं?"

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

नेमकी पोहरादेवीची जत्रा. गावातली प्रत्येक जीप, प्रत्येक ऑटो तिकडे लागलेला. मोटरसायकलवरून गंगाळ आणणं शक्य नव्हतं. मग मीच उठले आणि कारंजाला जाणारी एसटी धरली. विलासराव म्हणाले, "मी येतो," पण त्यांना पाठवलं असतं तर ते जेवून, आहेर देऊन, गंगाळ तिथेच सोडून परत आले असते.

लॉनवर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. कमानीजवळ गार तुषार उडत होते आणि पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढत होते. मला तहान लागली होती, सबंध प्रवास उभ्याने झाला होता, आणि त्या बदकांनी माझं डोकंच फिरवलं. डेकोरेशनवाला पोरांना हार टांगायला सांगत होता. मी त्याला विचारलं, "याला भोक कोणी पाडलं?"

तो हसला. "भाभी, छोटासा होल है. पाइप निकालने के लिए. दिखता भी नहीं."

तेवढ्यात गजूभाऊ आला, फेटा बांधलेला, कपाळावर घाम. "वहिनी, तुमी आल्या, लय बरं झालं. जेवून घ्या आधी."

"गजूभाऊ, तुम्ही हे हळदीसाठी नेलं होतं."

"हयद झाली ना त्याच्यात, सकायीच. मंग ते रिकामं पडलं होतं. हा म्हने, मंटिक पीस हाये, दारात लावू." अँटिक म्हणायचं होतं त्याला. "इतलंसं भोक हाये वहिनी. लेप लावला की बुजते. आज राहू द्या, उद्या पाठवतो."

"उद्या सकाळी पंचफुलाच्या पोरीची हळद आहे."

"कोन पंचफुला?"

त्याने हे उद्धटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. इंझोरीत वाढलेला माणूस, लहानपणी तिच्याच घराच्या ओट्यावर गोट्या खेळलेला. मी वाकले आणि कारंज्याचा पाइप ओढून काढला.

पुढे जे झालं ते मी ठरवून केलेलं नव्हतं. पाइप निघाला आणि सगळं पाणी खालच्या भोकातून हिरव्या गालिच्यावर आलं. बदकं तळाला बसली. फोटो काढणाऱ्या बायकांनी साड्या वर उचलल्या. गजूभाऊची बायको दुरून म्हणाली, "बापा, काय करून राह्यल्या या." मी बदकं एकेक करून डेकोरेशनवाल्याच्या हातात दिली, कड्या धरून गंगाळ उचललं आणि निघाले. जेवले नाही, याचं त्या घराला आजपर्यंत वाईट वाटतं. गालिच्याचं वाटत असेल, पण ते बोलून दाखवत नाहीत.

येताना एसटी पोहरादेवीच्या माणसांनी गच्च भरलेली. वाहक म्हणाला, "बाई, हे टपावर टाका." मी नाही म्हटलं. टपावरून पडलं असतं तर उरलंसुरलं चेपलं असतं. ते मी मांडीवर घेतलं, म्हणजे माझ्या मांडीवर आणि शेजारच्या दोन अनोळखी बायकांच्याही. वाटेत कोणीतरी त्यात आपली पिशवी ठेवली. मग दुसऱ्याने. मग एकीने आपलं झोपलेलं लेकरू, पिशव्यांवर ओढणी टाकून, अलगद त्यात निजवलं. मला इतका वैताग आला होता की हसूही येईना. लेकरू मात्र इंझोरी येईपर्यंत जागं झालं नाही.

घरी आल्यावर विलासरावांनी पाइपांना लावतात तो लेप मळला आणि भोकावर दोन्ही बाजूंनी थापला. अंगठा आरपार जाईल एवढं भोक, कडा अजून धारदार. लेप वाळल्यावर आम्ही पाणी ओतून पाहिलं. गळलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पाह्य, झालं ना नीट." मी गंगाळ पुसायला घेतलं.

सकाळी पंचफुलाच्या अंगणात मांडव घातला होता. हिरव्या पाल्याचा, विटकरी पडद्यांचा, खाली ताजं सारवलेलं. दुर्गा पाटावर बसली होती. चार तांबे, पांढरं सूत. गंगाळात कोमट पाणी ओतलं, हळद कालवली, आणि तांब्याच्या त्या भांड्यात ते पाणी असं काही पिवळंजर्द उजळलं की मीही क्षणभर घासायचं विसरले. कमळं सोडायची काही गरज नव्हती.

पंचफुलाने मला त्या पाच जणींत घेतलं होतं. पहिलीने तांब्या बुडवला, दुसरीने बुडवला, माझी पाळी आली, आणि माझ्या पायावर काहीतरी टपकन पडलं. लेप. पाणी कोमट होतं, आम्ही रात्री गार पाण्याने पाहिलं होतं. मागोमाग पिवळी धार सुरू झाली.

बायकांचं गाणं अर्ध्यावर थांबलं. पंचफुलाच्या हातात आरतीचं ताट होतं, आणि तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करू शकत नाही. ती डब्याकडे बघत असावी, तो कारखान्यावरचा पेंटचा डबा, जो तिथे नव्हता.

मी खाली बसले आणि तिवईच्या आत हात घालून तळव्याने भोक दाबून धरलं.

"चालू द्या," मी म्हटलं. "माझ्याकडे काय बघता? पाणी घाला."

गाणं परत सुरू झालं, जरा भीत भीत. मी तशीच उकिडवी बसलेली, एक हात गंगाळाखाली, मान वाकडी. तळवा कितीही दाबला तरी कडेने पाणी झिरपतच होतं. मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून साडीवर. मी पिवळी तर झालेच, वर साडी नवी. मनात मी गजूभाऊला, डेकोरेशनवाल्याला, पुण्याच्या नणंदेला, होऊन जाईनला, सगळ्यांना बोलून घेतलं. हळद काही लवकर आटपत नाही. सवाष्णी झाल्या की चुलत्या, मग माम्या, मग मैत्रिणी. माझी कंबर भरून आली, हाताला मुंग्या आल्या.

सविता घराच्या दारात उभी होती, चौकटीला टेकून. टाकलेल्या बाईने नवरीला हळद लावायची नसते, म्हणून सगळ्यांत धाकट्या चुलतीलाही हाक मारली गेली, हिला नाही. ती बघत होती. हात रिकामे होते. मी काही मोठ्या मनाने वगैरे बोललेले नाही. मला उठायचं होतं आणि समोर मोकळे असे तेवढेच दोन हात दिसत होते.

"सविता, ये इकडे. माझा हात गेला. तू धर."

ती जागची हलली नाही. आईकडे बघत राहिली. एक म्हातारी पुटपुटली, "तिचा कायले लावता हात."

"मग तुम्ही बसा खाली," मी म्हटलं.

म्हातारी काही बसली नाही. पंचफुला ताट धरून तशीच उभी. तेव्हा पाटावरून दुर्गाच बोलली. नवरीने बोलायचं नसतं, पण ती बोलली. "ताई, धर ना वं. पानी चाललं सारं."

सविता आली. माझ्या शेजारी बसली, तिवईत हात घातला. मी माझा काढला, तिने तिचा दाबला, मधल्या क्षणात दोघींच्या हातांवर पाणी पडलं. ऊस तोडून तिचा तळवा कातड्यासारखा झालेला होता. भोकावर तो माझ्यापेक्षा बरा बसला. तरी थोडं झिरपलंच. तिच्या मनगटावर पिवळी रेघ आली, मग हातभर पसरली. वरून बायका दुर्गाला न्हाऊ घालत होत्या आणि खालून, कोणी न घालता, सविताच्या अंगाला तेच पाणी लागत होतं. सगळ्यांना ते दिसत होतं. गाणं मात्र आता मोठ्याने चाललं होतं.

आटोपल्यावर सविता हात पुसायला फडकं शोधू लागली. पंचफुला तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, "राहू दे. वाळू दे तसाच."

दुर्गाचा संसार नीट चालला आहे. पंचफुला त्याचं श्रेय गंगाळाला देते. मी जावयाला देते, गरीब शांत पोरगा आहे. सविता पुढच्या हंगामात ऊसतोडीला गेली नाही, मानोऱ्याला एका शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवते. गजूभाऊने भरपाई म्हणून नवं गंगाळ पाठवलं, चकचकीत, हलकं, वर मोर काढलेला. आम्ही त्यात कांदे ठेवतो. मोठ्या गंगाळाला त्या पावसाळ्यात विलासरावांनी अमरावतीला नेऊन तांब्याचं ठिगळ बसवून आणलं. इतकं सफाईदार काम की हात फिरवला तरी कळेना. मला वाटलं, सुटले.

पुढच्या वर्षी लग्नसराईत पहिली आली ती इंदू, मागच्या गल्लीतली. गंगाळ न्यायला म्हणून तिने कड्या धरल्या, उचललं, आणि खालून बूड बघितलं. बघतच राहिली.

"वहिनी, भोक कुठी गेलं?"

"बुजवलं. पक्कं काम झालंय, आता गळणार नाही."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, हिला दुसरीच काही शंका असेल. मी म्हटलं, "अगं, गळत नाही म्हणजे बरंच झालं ना?"

"बरं झालं ना, काहून नाई." ती गंगाळ खाली ठेवून उगाच काठ चोळू लागली. तिची जाऊ विमल दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली. नवरी इंदूची मुलगी, पण तिला लहानपणापासून विमलनेच वाढवलेलं. "पन वहिनी, मंग विमलले मांडवात मी कायच्या निमतानं बसवू?"

विधवेचाही हात हळदीला चालत नाही. आत्याबाईंनी इंदूकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते अमरावतीचं ठिगळ, तो खर्च, ती खटपट, माझ्या डोळ्यांसमोरून सगळं गेलं. मी आत हाक मारली. विलासराव हातोडी आणि छिन्नी घेऊन बाहेर आले, गंगाळ पालथं घातलं आणि ठिगळावर बोट ठेवून मला विचारलं, "केवढं पाडू?"

"होतं तेवढंच," मी म्हटलं. "आणि कडा घासून द्या. मागच्या वेळी हाताला लागलं होतं."